नळी, दाब आणि दाटपणा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या वेळी ‘द्रव नळीतून वाहताना दाब कुठे खर्च होतो’ यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी सहा निवडले आहेत. शब्दांबद्दल एक खुलासा आधीच करतो. व्हिस्कॉसिटीला कुठे ‘श्यानता’ म्हणतात, कुठे ‘विष्यंदिता’. वर्गात मी दोन्ही वापरून पाहिले आणि दोन्ही वेळा मागच्या बाकावर हसू फुटलं. इथे मी ‘दाटपणा’ म्हणतो, म्हणजे द्रवाचा वाहायला होणारा विरोध. मात्र दाट म्हणजे जड असं समजू नका. गोडं तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, पण दाटपणा पाण्याच्या पन्नास-साठपट.

सर, नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो हे पाठ आहे. इंटिग्रेशनही येतं. पण चारच का, हे डोक्यात बसत नाही. क्षेत्रफळ तर वर्गानेच वाढतं ना? — डिप्लोमा, दुसरं वर्ष, सांगली

इंटिग्रेशन तात्पुरतं बाजूला ठेव. घरातल्या पंख्याच्या पात्यावर धूळ बसलेली पाहिली आहेस? पंखा मिनिटाला शेकडो फेरे मारतो, तरी ती उडत नाही. पात्याला चिकटलेला हवेचा थर पात्यासोबतच फिरतो, धुळीला वारा लागतच नाही. नळीतही तसंच. भिंतीला टेकलेला द्रव जागचा हलत नाही. त्याच्या आतला थर त्याच्यावरून जरासा सरकतो, त्याच्या आतला आणखी थोडा, असं करत मध्यावर सगळ्यात जास्त वेग मिळतो.

आता नळीच्या आत द्रवाचीच एक कांडी कल्पून बघ. तिला पुढे ढकलतो तो तिच्या तोंडावरचा दाब, म्हणजे त्रिज्येचा वर्ग. तिला मागे धरतं ते तिच्या अंगावरचं घर्षण, आणि अंग त्रिज्येच्या पहिल्या घातानेच वाढतं. नळी मोठी केली की ढकलणारा जोर धरणाऱ्या अंगापेक्षा भराभर वाढतो, त्यामुळे मधला वेगच त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. हा झाला एक वर्ग. दुसरा वर्ग तू म्हणतोस तो, क्षेत्रफळाचा. म्हणजे रस्ताही रुंद झाला आणि गाड्याही जोरात पळायला लागल्या. दोन वर्गांचा गुणाकार चौथा घात. जाता जाता हेही लक्षात ठेव : अशा प्रवाहात मध्यावरचा वेग सरासरीच्या बरोबर दुप्पट असतो. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

हा नियम आधी गणितातून आला नाही, मोजून सापडला. जर्मनीतल्या हागेन नावाच्या अभियंत्याने पितळी नळ्यांवरचं काम १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं. पॅरिसमध्ये प्वाझय हे डॉक्टर होते, त्यांना बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं ते हवं होतं. रक्त नळीत गोठतं, म्हणून त्यांनी केसासारख्या काचेच्या नळ्यांतून पाणी सोडलं. त्यांचे निष्कर्ष १८४०-४१ मध्ये आले. भिंतीशी वेग शून्य धरून नियम सिद्ध करायला पुढची जवळपास वीस वर्षं लागली. तेव्हा तुझ्या डोक्यात तो एका सत्रात बसला नाही, तर एवढं वाईट वाटून घेऊ नकोस.

अपघाताचा पेशंट आला की मोठी आणि आखूड कॅन्युला (शिरेत घालायची नळी) टाकायला शिकवतात. मानेतली लांब लाइन असली तरी सलाइन हातातल्या जाड कॅन्युलातूनच जोरात जातं. हे त्याच नियमामुळे का? — स्टाफ नर्स, छत्रपती संभाजीनगर

हो सिस्टर, बऱ्याच अंशी. लांबी दुप्पट झाली की प्रवाह निम्मा होतो आणि त्रिज्या निम्मी झाली की सोळावा हिस्सा. मानेतल्या लाइनची एकेक वाट लांबही असते आणि बारीकही, त्यामुळे तिचं दुहेरी नुकसान. बाटली उंच टांगून थोडा फायदा होतो, पण एक मीटरची दीड मीटर उंची केली तरी जास्तीत जास्त दीडपट.

‘बऱ्याच अंशी’ का म्हणालो, ते पाकिटावरच दिसेल. निळी २२ नंबरची आणि हिरवी १८ नंबरची कॅन्युला घ्या (नंबर लहान तशी नळी जाड). आतल्या व्यासांचं गुणोत्तर काढून चौथा घात केला, तर हिरवीतून सुमारे साडेचारपट जायला हवं. पाकिटावरचे आकडे कंपनीनुसार थोडे बदलतात, पण साधारण मिनिटाला ३६ मिलिलिटर आणि ९० मिलिलिटर असे दिसतील, म्हणजे अडीचपट. मधलं कुठे गेलं? एक तर हिरवीची नळी बहुधा लांब असते. दुसरं म्हणजे एवढ्या बारीक नळीत सलाइनचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास जातो. तिथे थर शांतपणे एकमेकांवरून सरकण्याची अवस्था मोडायच्या बेताला येते, आणि तोंडाशी पाणी एवढ्या वेगात आणायलाच बराच दाब खर्ची पडतो. चौथा घात हा शांत प्रवाहाचा नियम आहे, धावपळीचा नव्हे.

टाकीवर चालणारा साधा ड्रीप आहे, मायक्रोट्यूबवाला (प्रत्येक रोपाशी पाणी सोडणारी बारीक नळी). वांग्याच्या ६० मीटर ओळीत ६० सेंटिमीटरवर रोप. सकाळी भांडी लावून मोजलं तर शेवटच्या रोपांना पाणी बरंच कमी. दुपारी मोजलं तर जवळपास सारखं! मोजण्यात चूक होतेय का? — शेतकरी, तासगाव तालुका

चूक नाही. उलट तुमच्या एका ओळीत या विषयाचे दोन धडे एकदम आले आहेत. आधी चोकअप तपासलं असेल, एंड कॅप उघडून नळी धुतली असेल असं धरतो.

हिशेब करू. १०० रोपं, प्रत्येकाला तासाला साधारण ४ लिटर, म्हणजे ओळीच्या तोंडाशी तासाला ४०० लिटर. १६ मिलिमीटरच्या नळीचं आतलं भोक १४ धरू. आता रेनॉल्ड्स अंक काढायचा : घनता गुणिले वेग गुणिले व्यास, भागिले दाटपणा. पाण्याच्या पुढे धावण्याच्या जोराला दाटपणाचा लगाम किती पुरतो, ते हा अंक सांगतो. दोन हजारांच्या खाली लगाम घट्ट, थर ओळीत चालतात. त्याच्या बऱ्याच वर गेलं की पाणी भोवरे घेत, घुसळत जातं. तुमच्या नळीत सकाळच्या २० अंशांच्या पाण्याला हा अंक तोंडाशी सुमारे दहा हजार येतो. प्रत्येक रोपाशी थोडं पाणी बाहेर पडतं आणि अंक शंभराने उतरतो. शेवटच्या रोपाशी उरतो शंभर. म्हणजे एकाच नळीत पहिली ऐंशीएक रोपं घुसळत्या पाण्यावर आणि शेवटची वीस शांत पाण्यावर. पुस्तकात हे दोन वेगवेगळे धडे असतात, तुमच्या रानात मधे रेघसुद्धा नाही.

दाब पाण्याच्या उंचीत मोजला, तर ओळीत एकूण सव्वा मीटरहून थोडी जास्त उंची घर्षणात जाते, आणि तिच्यातला पाऊण हिस्सा पहिल्या २४ मीटरमध्येच खर्च होतो, कारण जास्तीत जास्त पाणी तिथूनच पळत असतं. टाकीचा दाब ४ मीटरचा असेल तर शेवटी पावणेतीनच्या आसपास राहतो. मायक्रोट्यूब म्हणजे आमच्या प्वाझय डॉक्टरांची नळीच. दाब तृतीयांश कमी झाला की पाणीही जवळपास तृतीयांश कमी. ही झाली तुमची सकाळ.

दुपारी काय होतं? काळी नळी उन्हात पडलेली असते. पाण्याला ६० मीटर जायला सात मिनिटं लागतात आणि त्यातली जवळपास पाच मिनिटं शेवटच्या दहा मीटरमध्ये जातात. शेवटच्या दोन फुटांनाच सव्वा मिनिटाच्या वर लागतं. तिथलं पाणी मरगळून तापत बसतं. हात लावून बघा. पाणी तापलं की दाटपणा उतरतो : २० अंशांवर १ धरला तर ४० अंशांवर ०.६५. बारीक नळीतल्या शांत प्रवाहात दाटपणा जेवढा कमी, तेवढं पाणी जास्त. तोंडाशी २८ अंश आणि टोकाला ४५ अंश झाले, तर टोकाच्या मायक्रोट्यूबला त्याच दाबावर सुमारे १.४ पट पाणी मिळतं. सकाळचा तृतीयांशाचा तोटा त्यात जवळजवळ भरून निघतो. उन्हाने तुमचा हिशेब जुळवून दिला, एवढंच.

पण ऊन रोज सारखं नसतं, म्हणून त्यावर विसंबू नका. सबमेन (ओळींना पाणी देणारी मोठी नळी) ओळीच्या मध्यावर आणता आली तर ३०-३० मीटरच्या दोन ओळी होतील आणि प्रत्येकीत घर्षण सातव्या हिश्शाच्या आसपास येईल. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच. वाकड्यातिकड्या वाटेचे ड्रीपर लावले तर त्यात पाणी मुद्दाम घुसळवलेलं असतं. तिथे उन्हाचा परिणाम नगण्य, आणि दाब तृतीयांश घटला तरी पाणी साधारण अठरा टक्केच घटतं. मात्र त्यांना टाकीचा ४ मीटर दाब अपुरा पडतो, पंप आणि फिल्टर आलाच.

शांत प्रवाहासाठी एका पुस्तकात घर्षणांक (नळीतलं घर्षण मोजणारा आकडा) ६४ भागिले रेनॉल्ड्स अंक, दुसऱ्यात १६ भागिले. कोणतं चूक? — अभियांत्रिकी विद्यार्थिनी, नागपूर

दोन्ही बरोबर. पहिला डार्सीचा, दुसरा फॅनिंगचा, चौपट लहान. ज्या पुस्तकात सूत्र ‘४ एफ एल व्ही वर्ग भागिले २ जी डी’ असं आहे, तिथे १६. सूत्रात ४ नसेल तर ६४. घर्षणांकाचा आलेख हाती आला तर डावीकडची सरळ रेघ बघ : रेनॉल्ड्स अंक १००० असताना ०.०६४ दिसलं तर डार्सी, ०.०१६ दिसलं तर फॅनिंग. एका पुस्तकातलं सूत्र आणि दुसऱ्यातला आलेख, असं लग्न लावू नकोस. मी एकदा लावलं होतं, आणि चौपट दाबाचा पंप कागदावर निवडून मोकळा झालो होतो.

कारखान्यात मळीचा (मोलॅसिसचा) पंप थंडीत सकाळी ओढत नाही. पंप उघडला तर चांगला. दुपारनंतर आपोआप चालतो. मोठी मोटर लावा असं सगळे म्हणतात. — साखर कारखान्यातले फिटर, कोल्हापूर जिल्हा

मोटर बदलू नका. दुखणं पंपाच्या पुढे नाही, मागे आहे.

समजा सक्शनचा, म्हणजे टाकीतून पंपाकडे येणारा पाइप चार इंची, टाकीपासून दहा मीटर, आणि मळी त्यात सेकंदाला ३० सेंटिमीटरने चालते. मळीचा दाटपणा पाण्याच्या पाच हजारपट धरू, हे काही फार नाही. रेनॉल्ड्स अंक येतो आठ. आठ हजार नव्हे, नुसता आठ. यापेक्षा शांत प्रवाह शोधून सापडायचा नाही, आणि प्वाझयचा नियम इथे तंतोतंत लागतो. दर मीटरला ४८०० पास्कल, दहा मीटरला ०.४८ बार. पहाटे मळी गार होऊन दाटपणा दुप्पट झाला की ०.९६ बार.

आता बघा, पंप मळी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तिला ढकलते टाकीवरची हवा आणि टाकीतल्या मळीची उंची. हवेकडे देण्यासारखा सगळा मिळून एकच बार असतो. टाकीची पातळी खाली गेली असेल तर ०.९६ बार खर्चून पंपाच्या तोंडाशी काहीच पोचत नाही. तुम्ही शंभर घोड्यांची मोटर लावली तरी हवेचा दाब वाढत नाही.

तेच सक्शन सहा इंची करा. प्रवाह तेवढाच ठेवला तर ०.४८ बारचा पाचवा हिस्सा, म्हणजे ०.१ बारच्याही आत. दाटपणा दुप्पट झाला तरी ०.२. शक्य असेल तर पंप टाकीच्या जवळ आणि खाली घ्या, एल्बो कमी करा. पंप सेंट्रिफ्युगल असेल तर त्याला मळी कधीच मानवणार नाही, गिअर पंप किंवा स्क्रू पंपच हवा. सक्शनवर स्टीमची बारीक लाइन गुंडाळून वरून लॅगिंग (ऊब धरणारं आवरण) केलंत तर सकाळची रड जाईल, पण बेतानेच. फार तापवली की मळी फेसाळते आणि आतली साखर बिघडते.

गरम ठेवून वाहून नेण्याचं मोठं उदाहरण राजस्थानात आहे. बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रातलं खनिज तेल इतकं मेणचट की नेहमीच्या तापमानालाच थिजतं. ते गुजरातपर्यंत न्यायला सहाशे किलोमीटरहून लांब पाइपलाइनला पूर्ण वाटभर विजेने ऊब द्यावी लागते. तुमचे तर दहाच मीटर आहेत.

रेनॉल्ड्सच्या प्रयोगात आमची रंगाची रेघ कधी रेनॉल्ड्स अंक १८०० ला तुटते, कधी ३००० ला. सर म्हणतात, वहीत २००० लिहा. काय लिहू? — पॉलिटेक्निक, रत्नागिरी

जे दिसलं ते लिही.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला हा प्रयोग प्रसिद्ध केला. काचेची टाकी, तिच्यात फुलासारखं पसरट तोंड असलेली काचेची नळी आणि मधोमध रंगाचा धागा. त्यांनाही एकच आकडा मिळाला नव्हता. टाकीतलं पाणी अगदी निवांत असलं, की धागा बारा-तेरा हजारांपर्यंत सरळ राहायचा. दोन हजाराच्या खाली मात्र पाणी कितीही ढवळा, गोंधळ आपोआप विरतो. तुमच्या वहीतला २००० हा खालचा आकडा आहे. वरचा आकडा टाकी किती शांत आहे त्यावर ठरतो. जवळपास शंभर वर्षांनी मँचेस्टरमध्ये त्यांच्याच उपकरणावर प्रयोग पुन्हा केला, तेव्हा धागा त्यांच्यापेक्षा बराच लवकर तुटला, कारण आता बाहेरच्या रस्त्यावरून मोटारी धावत होत्या.

आमच्या प्रयोगशाळेला लागून वर्कशॉप होतं. लेथ सुरू झालं की परमॅंगनेटची जांभळी रेघ आधी थरथरायची, मग मधेच एखादा फुगवटा येऊन फुटायची आणि मागून पुन्हा सरळ रेघ यायची. ती उघडझाप बघायला मी मुलांना मुद्दाम थांबवायचो. तू टाकी आदल्या दिवशी भरून ठेव, सकाळी पंखे बंद करून, वर्कशॉप उघडायच्या आत वाचन घे, आणि व्हॉल्व्ह केसभर उघडत जा. मग तेच वाचन दुपारी, कोणाला तरी टाकीवर टिचक्या मारायला लावून घे. दोन्ही आकडे वहीत, शेजारी वेळ.