दोन कवितांमधले सौंदर्य ताडून पाहताना
दोन कवितांची तुलना करणाऱ्या लेखाच्या पहिल्या प्रयत्नासाठी तुम्ही बालकवींच्या ‘श्रावणमास’ आणि ‘औदुंबर’ या कविता निवडल्यात, हे उत्तम केलेत. कवी एकच असल्याने फरक नेमका दृष्टीचा उरतो. सुरुवातीला एवढेच सांभाळा.

- आधी एकीचा आणि मग दुसरीचा सारांश लिहू नका. नवखे बहुतेक इथेच घसरतात, मीही घसरलो होतो.
- प्रत्येक कवितेतला एखादाच शब्द घट्ट धरा आणि त्यावरून दोघींची तुलना करा. ‘श्रावणमास’मध्ये ‘क्षणात’ पुन्हा येतो आणि सौंदर्य सारखे पालटत राहते. ‘औदुंबर’मध्ये मात्र पांढरी पायवाट हिरव्या कुरणांतून काळ्या डोहाकडे जाते, आणि तिथल्या काळिम्यालाच कवी ‘गोड’ म्हणतो, त्यामुळे सौंदर्यात उदासी मिसळते.
- कवीचे चरित्र आणि कवितेच्या वृत्त-लयीचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

मसुदा झाला की दाखवा.