दहा वर्षांचं ध्येय आणि या महिन्यातलं काम

करिअरच्या लांबच्या नियोजनाबद्दल सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून इलेक्ट्रिशियन म्हणून कामाला आहे. वय २४, आयटीआय झालंय, अनुभव २ वर्षं. चौतिसाव्या वर्षापर्यंत मेंटेनन्स मॅनेजर व्हायचंय. दरवर्षी १ जानेवारीला प्लॅन लिहितो आणि मार्चपर्यंत तो बारगळतो. चुकतंय कुठे?

उत्तर : तुम्ही आजपासून पुढे मोजताय. चौतिसापासून मागे मोजून बघा. मेंटेनन्स मॅनेजरच्या दहा-बारा जाहिराती काढून वाचल्यात, तर बहुतेक ठिकाणी पदवी, निदान डिप्लोमा आणि त्यावर काही वर्षांचा अनुभव मागितलेला दिसेल. हा अनुभव ५ वर्षं धरला, तर पदवी एकोणतिसाव्या वर्षी हातात हवी. डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे तिथली ३ वर्षं. मग डिप्लोमा सव्विसाव्या वर्षी संपायला हवा. आयटीआयवरून डिप्लोमालाही थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, म्हणजे २ वर्षं. चोवीस अधिक दोन, सव्वीस. हिशोब जुळला, पण त्यात एकही वर्ष शिल्लक नाही. यंदाचा प्रवेश हुकला की मॅनेजरकी पस्तिसाव्या वर्षावर गेली. गेली तर आभाळ कोसळत नाही, पण ते आत्ताच माहीत असावं.

जानेवारीचा प्लॅन बारगळतो त्याचं कारणही इथेच आहे. त्या महिन्यात तुमच्या कामाचं काहीच सुरू होत नाही. प्रवेशाची धावपळ उन्हाळ्यात सुरू होते, म्हणून कागद एप्रिलमध्ये तयार हवेत: आयटीआयच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्र, अधिवास, लागू असेल तर जात, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. प्रवेश बहुतेक वेळा कागदापायी अडतो, गुणांपायी कमी. नोकरी सांभाळून शिकायचं तर काही कॉलेजांत नोकरदारांसाठी वेगळ्या तुकड्या असतात. यंदा जवळपास कुठे मंजूर आहे ते तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीत बघा आणि कॉलेजात जाऊन खात्री करा. नियमित तुकडीत नाव घालून हजेरी ‘बघून घेऊ’ असं कुणी म्हणालं, तर लांब राहा.

दुसरी अडचण ठेकेदारीची. ठेकेदार बदलला की अनुभवाचं पत्र द्यायला कुणीच उरत नाही. आजच पीएफचं पासबुक उघडा. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, एकच असतो, पण ठेकेदारागणिक मेंबर आयडी वेगळा पडतो; सर्व्हिस हिस्ट्रीत सगळे महिने लागलेत का, नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, ते तपासा. उद्या अनुभव दाखवायला हाच सगळ्यात भक्कम कागद. सोबत प्रत्येक ठेकेदाराकडून काम चालू असतानाच पत्र घ्या.

आता कामातलं. मॅनेजर होणाऱ्याला ‘मशीन चालू केलं’ एवढं सांगून भागत नाही, ते पुन्हा का बंद पडलं नाही हे दाखवावं लागतं. एक वही घाला: तारीख, मशीन, काय बंद पडलं, मूळ कारण, किती मिनिटं गेली, कोणता पार्ट लागला. उदाहरणार्थ, मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते. घाईत रिलेचं सेटिंग वाढवून मोटर चालू केली जाते, ट्रिप थांबते, सुपरवायझर खूश. बेअरिंग मात्र तसंच जाम असतं आणि काही दिवसांनी वाइंडिंग जळतं. वहीत करंट किती ओढत होती, प्लेटवरचा करंट किती, मेगरचं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरचं) रीडिंग किती, हे लिहिलेलं असेल तर तो घोटाळा कागदावर पकडता येतो. सहा महिन्यांची अशी वही मुलाखतीत कोर्सच्या चार प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलते.

वेळेचं म्हणाल तर दहा तासांच्या शिफ्टवर रोज दोन तास अभ्यास हे कागदावरच राहतं. आठवड्याला ६ तास धरा, तेही रात्रपाळीचा आठवडा वगळून. बेसिक पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) हातात बसायला सव्वाशे तास धरले, तर पाच-सहा महिने लागतात. तेवढं वर्षभरासाठी पुरे.

प्रश्न : मोहोळ तालुक्यातली आहे. बीएस्सी ॲग्री, वय २७. तीन वर्षं पुण्यात राहून एमपीएससी करतेय, दोनदा पूर्व परीक्षेत गेले. वडील विचारतात, ‘अजून किती?’ उत्तर नाही.

उत्तर : वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तारखेतच द्यावं लागेल. राज्यसेवेला खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही वयोमर्यादा आहे. ती आयोगाची मर्यादा. तुमची तुम्ही ठरवायची.

आधी दोन्ही पूर्व परीक्षांचे आकडे मांडा. तुमच्या प्रवर्गाचा कटऑफ उणे तुमचे गुण, पेपर एकमध्ये. ‘थोडक्यात गेलं’ हा शब्द वहीत नको. सीसॅट, म्हणजे पूर्वचा दुसरा पेपर, आता ३३ टक्क्यांपुरता पात्रतेचा असल्याने निकाल पहिल्या पेपरवर ठरतो. तिथे चुकीच्या उत्तराला एकचतुर्थांश गुण कापले जातात, म्हणून अंदाजाने सोडवलेले प्रश्न वेगळे मोजा. अंतर पहिल्यापेक्षा दुसऱ्या खेपेला निम्म्यावर आलं असेल तर पुढच्या खेपेला अर्थ आहे. तेवढंच राहिलं असेल तर अभ्यासाची पद्धत बदलल्याशिवाय आणखी एक वर्ष घालू नका. मुख्य परीक्षा आता लेखी वर्णनात्मक झाली आहे, लेखी १७५० आणि मुलाखत २७५ गुणांची; तेव्हा उत्तर लिहायचा सराव ‘पूर्व झाल्यावर’ म्हणून ठेवलात तर वेळ पुरणार नाही.

दुसरं, तुमच्या पदवीचं जे दार सर्वांत आधी बंद होतं ते शोधा. बँकांतल्या कृषी क्षेत्र अधिकारी पदासाठी आयबीपीएसची (बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेची) मर्यादा ३० वर्षांची आहे (ओबीसींना ३, अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं सवलत). एमपीएससीचं दार अजून बरीच वर्षं उघडं आहे, हे मात्र सवलत नसेल तर तीन वर्षांत मिटतं. तरी बहुतेक मुलं हिकडे शेवटी वळतात! ओबीसी असाल तर राज्याचं नॉन-क्रिमीलेअर इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. कृषी सेवेची पूर्व परीक्षाही आता राजपत्रितच्या संयुक्त पूर्वमधून होते, तो पर्याय अर्ज भरताना सोडू नका.

आणि थांबायची तारीख ठरवलीच, तर पुढे काय याचं नाव त्याच ओळीत लिहा. डाळिंबाच्या जिल्ह्यात राहता. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. निर्यातीच्या बागांना नोंदणी, फवारणीच्या नोंदी, औषधाच्या शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंतचं अंतर आणि अवशेष तपासणी, हे सगळं सांभाळणारा माणूस लागतो. हे काम शिकायला एक बहार पुरेसा आहे, पण तो शेतात काढावा लागतो. वडिलांना दोन तारखा सांगा: कोणत्या निकालानंतर थांबणार आणि दुसरं काम कोणत्या महिन्यात सुरू करणार.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एआयमुळे पाच वर्षांनी काय राहील ते माहीत नाही, मग दहा वर्षांचं ध्येय ठरवायचं तरी कसं?

उत्तर : ध्येयात साधनाचं नाव घालू नका. ‘पायथन डेव्हलपर’ हे साधन झालं. ‘कारखान्याचा माल, साठा आणि वीज यांचा हिशोब मशीनकडून करून घेणारा’ हे काम झालं. साधन बदललं तरी ते उरतं. दहा वर्षांचं एका ओळीत, तीन वर्षांचं एका पानात, तीन महिन्यांचं तारखांसह लिहा. दर सहा महिन्यांनी फक्त शेवटचे दोन बदला.

प्रश्न : अशोक चौकाजवळ घरी दोन मशीनवर युनिफॉर्मचं जॉबवर्क करते. वय ३६. पंचेचाळीसपर्यंत स्वतःचं युनिट हवंय. आधी मशीन घ्यावी की जागा?

उत्तर : दोन्ही नंतर. तुमचं घोडं उधारीत अडेल. समजा सहा कारागीर ठेवले आणि प्रत्येकी आठवड्याला ३,००० रुपये मजुरी दिली, तर दर शनिवारी १८,००० लागतात. व्यापाऱ्याने पैसे १२ आठवड्यांनी दिले तर २,१६,००० रुपये तुमचे अडकले, तेही कापड त्याचं असताना. कापड स्वतःचं घ्यायला लागलात की हा आकडा कितीतरी फुगतो. शाळा जूनमध्ये उघडतात, एप्रिल-मेमध्ये रात्रीचा दिवस होतो आणि पैसे येतात पावसाळ्यात. युनिटं बसतात ती बहुधा याच फटीत.

म्हणून पहिली दोन-तीन वर्षं जॉबवर्कच करा, पण १२ आठवड्यांची मजुरी वेगळ्या खात्यात साठेपर्यंत तिसरं जुकी शिलाई मशीन घेऊ नका. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत होते, तिला पैसे मागणाऱ्या एजंटाला वाटेला लावा. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचा कायदा आहे. व्यापारी तो पाळतीलच असं नाही. पण चलनावर उद्यम क्रमांक आणि तारीख असेल तर मागायला आधार राहतो. नोंदणी मात्र ऑर्डर घेण्याआधीची हवी.

अनुदानाच्या योजना या हिशोबात मुद्दाम धरलेल्या नाहीत. मिळालं तर वरचं समजा. जुलै ते डिसेंबरच्या रिकाम्या महिन्यांसाठी दवाखाने, सिक्युरिटी आणि कारखान्यांचे गणवेश शोधा, आत्तापासून, एकेक नमुना शिवून. तेलंगणा-कर्नाटकात स्वतःच्या नावाने माल पाठवायची वेळ आली, तर उलाढाल कितीही कमी असो, त्याआधी जीएसटी नोंदणी करून घ्या.