राज्यपाल, क्षत्रप आणि गिरनारच्या वाटेवरचा खडक

प्रश्न असा आला आहे : महाराष्ट्राच्या आजवरच्या राज्यपालांची यादी करताना विजयालक्ष्मी पंडित यांच्या नावापुढं 'राज्यपाल' लिहावं की 'राज्यपाला'? आणि 'गव्हर्नर'ला 'राज्यपाल' हा शब्द कोणत्या हिशेबानं दिला?

पहिल्याचं उत्तर 'राज्यपाल'. त्याचं कारण पुढं येईल. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण त्याच्या पोटात एक शब्द दडला आहे आणि त्याची रोज जी परवड चालली आहे ती आता ऐकवत नाही.

राज्याचं पालन करतो तो राज्यपाल, हे शाळकरी मूलही सांगेल. ते सोडून देऊ. 'गव्हर्नर'च्या मुळाशी ग्रीक भाषेतलं सुकाणू धरण्याचं क्रियापद आहे, हेही पुष्कळदा सांगून झालंय. त्या न्यायानं गव्हर्नरचं शब्दशः भाषांतर 'कर्णधार' होतं, कारण संस्कृतात 'कर्ण' म्हणजे सुकाणूसुद्धा. (आपलं 'सुकाणू' मात्र अरबी 'सुक्कान'वरून आलेलं.) बहुतेक व्युत्पत्तिप्रेमी याच बंदरावर नांगर टाकतात. खरी मौज 'राज्यपाल'च्या बाजूला आहे आणि तिकडं कुणी फिरकत नाही.

आता परवड कुठल्या शब्दाची, ते सांगतो : 'क्षत्रप'. वाहिनी लावा, निवडणुकीच्या दिवसांतलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, 'प्रादेशिक क्षत्रप' हटकून भेटतात. आपापल्या मुलखात पाय रोवून बसलेला, दिल्लीला न जुमानणारा पुढारी म्हणजे क्षत्रप, असा अर्थ रूढ करून टाकलाय. परवा तर 'राज्यपाल विरुद्ध क्षत्रप' असा मथळा वाचला. मूळ अर्थानं त्या मथळ्याचा अर्थ होतो 'राज्यपाल विरुद्ध राज्यपाल'.

कसं ते पाहा. इराणच्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहु (ग्रीकांचा दरायस) राजाचा लेख आहे, इ.स.पूर्व ५२०च्या सुमाराचा. त्यात बाख्त्री प्रांतावरचा दादर्शी आणि हरउवती प्रांतावरचा विवान या दोन अधिकाऱ्यांचं पद दिलं आहे. (हरउवती हे ध्वनिनियमानं आपलं 'सरस्वती'च. इराणीत 'स'चा 'ह' होतो, एवढं लक्षात ठेवलं की ओळख पटते.) त्या पदाचं प्राचीन इराणी रूप, मीडी या जुन्या इराणी बोलीतल्या उच्चारानं, 'क्षथ्रपावन'. 'क्षथ्र' म्हणजे संस्कृतातलं 'क्षत्र' : सत्ता, राज्य. 'पा' हा धातू दोन्हीकडं एकच : राखणं, सांभाळणं. राज्य राखणारा तो क्षथ्रपावन. ग्रीकांच्या तोंडी त्याचं 'सात्रापेस' झालं, आणि शकांबरोबर तो शब्द आपल्याकडं उतरला तेव्हा 'क्षत्रप' झाला.

क्षत्र म्हणजे राज्य, प म्हणजे पाल. दारयवहूच्या दरबारी पडलेलं पदनाम आणि विसाव्या शतकात भारतीय राज्यघटनेसाठी योजलेलं पदनाम घटकाला घटक लावून जुळतं. मधे अडीच हजार वर्षं, आणि 'राज्यपाल' योजणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं इराण असण्याचं काही कारण नव्हतं. तरी नाणं तेच पडलं! जाता जाता आणखी एक : त्याच 'क्षथ्र'चं झिजत झिजत फारसीत 'शहर' झालं. आपण रोज बोलतो तो 'शहर' शब्द आणि 'क्षत्रिय'मधलं 'क्षत्र' ही सख्खी भावंडं आहेत.

इथं काही संस्कृताभिमानी मंडळी आडवी येतात. 'क्षत्रं पाति इति क्षत्रपः' असा विग्रह करून ती सांगतात की शब्द अस्सल संस्कृत आहे, इराण्यांनी आपल्याकडून उचलला. मला हे अजिबात मान्य नाही. विग्रह होतो म्हणून शब्द इथं जन्मला असं ठरत नाही. दोन्ही भाषा एका घरच्या आहेत, तेव्हा इराणी शब्दाचाही संस्कृत विग्रह सरळ होणारच. पुरावा शब्द वापरात कुठं दिसतो त्याचा धरायचा. वैदिक वाङ्मयात 'क्षत्रपति' सापडतो, पण 'क्षत्रप' हे अधिकारपद म्हणून आपल्याकडं दिसतं ते शकांच्या लेखांत आणि नाण्यांवर. हे स्वच्छ दिसत असताना विग्रहाला चिकटून राहणं हा शब्दाभ्यास नव्हे.

आणि हा शब्द काही परमुलखात राहिलेला नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत जाऊन बघा. नहपान या शक राजाचा जावई उषवदात आपल्या दानांची जंत्री देताना सासऱ्याला 'राजा क्षहरात क्षत्रप' म्हणतो (क्षहरात हे त्याच्या घराण्याचं नाव). जुन्नरला नहपानाचा अमात्य अयम यानं पाण्याची पोढी (टाकं) आणि मंडप दान दिला, वर्ष ४६. तिथल्या प्राकृतात नहपान 'महाखतप' आहे. क्षत्रपाचा मराठी मुलखातला उच्चार हा असा होता : खतप. नाशिक जिल्ह्यातच जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप वरून ठोकला आहे. दुसऱ्याचा अंमल पुसणं कसं असतं, हे इतकं ढळढळीत मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

यावर वाहिन्यांची बाजू घेणारा म्हणेल, नहपान स्वतःला राजा म्हणवत होता, म्हणजे क्षत्रप स्वतंत्र झालेच होते की. बरोबर आहे, झाले होते. उज्जैनचा शक राजा रुद्रदामा याचा गुजरातेतल्या जुनागढचा लेख तर सरळ सांगतो की 'महाक्षत्रप' हे नाव त्यानं 'स्वयं अधिगत' केलं, स्वतः मिळवलं. पण हे वाक्य कोरावंसं का वाटलं? कारण हे पद कुणीतरी द्यायचं असतं ही समजूत तेव्हाही जिवंत होती. स्वतः घेतलं हे सांगण्यासारखं होतं ते त्यामुळंच. नेमलेला माणूस पुढं धन्याला डोईजड होतो, ही पदाची हकिगत झाली. पदाचा अर्थ 'नेमलेला' हाच राहतो.

तो जुनागढचा खडक माझ्या मते या सगळ्या चर्चेचं केंद्र आहे. गिरनारच्या वाटेवर एकच मोठी शिळा, तिच्यावर अशोकाच्या आज्ञा, रुद्रदाम्याचा लेख आणि स्कंदगुप्ताचा लेख. एखाद्या प्रांतावर नेमलेल्या अधिकाऱ्यांची एवढी जुनी परंपरा एका दगडावर वाचायला मिळणं दुर्मीळ. निमित्त सुदर्शन तलावाचं. रुद्रदाम्याचा लेख (शक ७२, म्हणजे इ.स. १५०) मागचा इतिहास सांगतो : तलाव बांधवला चंद्रगुप्त मौर्याचा 'राष्ट्रिय' वैश्य पुष्यगुप्त यानं, अशोकाच्या काळात यवनराज तुषास्फ यानं त्याला पाट काढले. पुढं वादळी पावसात बांध फुटला आणि तो पुन्हा बांधवला अमात्य सुविशाखानं. हा सुविशाख पह्लव, म्हणजे इराणी वंशाचा, कुलैपाचा मुलगा, आणि त्याची ओळख लेखात अशी : आनर्त आणि सुराष्ट्र यांच्या 'पालनार्थं नियुक्त'.

हे दोन शब्द मी कितीदा वाचले असतील! पालनार्थं नियुक्तेन. राज्यपालाची याहून नेमकी व्याख्या आपल्या घटनेतही नाही. अनुच्छेद १५५ म्हणतो राष्ट्रपतींनी नेमायचा, १५६ म्हणतो त्यांची मर्जी असेपर्यंत राहायचा. 'नियुक्त' तिथं आहे. 'पालन' पदनामात आहे. दोन्ही जुनागढच्या खडकावर एकाच ओळीत होती.

त्याच खडकावर पाचव्या शतकात तिसरा लेख उमटला. स्कंदगुप्तानं सर्व देशांवर 'गोप्ते' नेमले आणि सुराष्ट्रासाठी पर्णदत्ताला निवडलं. 'गोप्ता' म्हणजे पुन्हा राखणाराच. तलाव परत फुटला होता, तो पर्णदत्ताचा मुलगा चक्रपालित यानं दुरुस्त करवला. राष्ट्रिय, अमात्य, गोप्ता : पदनामं बदलत गेली, काम तेच. 'राष्ट्रिय' शब्दाचं पुढं मात्र वेगळंच झालं. अमरकोशात नाट्यवर्गात त्याचा अर्थ 'राजश्याल', राजाचा मेहुणा. मोठमोठे प्रांत नात्यातल्या माणसांना मिळत असावेत आणि त्यातून हा अर्थ चिकटला असावा, असं मला पक्कं वाटतं. आज आपण 'राष्ट्रीय' म्हणतो तेव्हा हा मेहुणा कुणाच्या मनात येत नाही.

हाच प्रदेश स्वातंत्र्यानंतर 'सौराष्ट्र' राज्य झाला तेव्हा तिथं राज्यपाल नव्हता, 'राजप्रमुख' होता : नवानगरचे जामसाहेब. संस्थानांतून बनलेल्या राज्यांची ही पद्धत. आपल्या मराठवाड्यावरही १९५६पर्यंत राजप्रमुखच, खुद्द निजाम; विदर्भ नागपूरच्या राज्यपालांकडं, पुणे-कोकण मुंबईच्या राज्यपालांकडं. सातव्या घटनादुरुस्तीनं राजप्रमुख गेले आणि सौराष्ट्रासकट द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात श्रीप्रकाश राज्यपाल म्हणून आले. म्हणजे १९६०च्या ३० एप्रिलपर्यंत पांडवलेणी, जुन्नर आणि गिरनारचा तो खडक एकाच राज्यपालांच्या राज्यात होते! तुमच्या यादीत श्रीप्रकाश यांचं नाव सर्वांत वर येईल, कारण १ मेनंतर तेच महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल. तिथं ही तळटीप जरूर टाका.

आणखी एक गैरसमज इथंच मोडून ठेवतो. 'क्षत्रप'वरून 'छत्रपती' झाला असं सांगणारे दोघे-तिघे मला दरवर्षी भेटतात. आधाराला ते मथुरेच्या सिंहशीर्षावरचं (शकांच्या काळच्या, लेख कोरलेल्या स्तंभशीर्षावरचं) 'छत्रव' हे रूप दाखवतात. तिथं 'क्ष'चा 'छ' झालाय, हे खरं. पण त्याचा आपल्या शब्दाशी संबंध नाही. 'छत्रपती'मधलं छत्र हे छत्रच आहे, डोक्यावर धरायचं. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' आहे. क्षत्रप दुसऱ्याच्या छत्राखाली राज्य राखतो, छत्रपती स्वतः छत्र धारण करतो. अर्थानं हे दोन शब्द एकमेकांच्या समोरासमोर उभे आहेत. १६७४च्या राज्याभिषेकाचा सगळा आशयच हा, की आता वर कुणी नाही. आदिलशाही किंवा मोगलांचा नेमलेला सरदार असण्याची कल्पना त्या दिवशी कायमची संपवली. ती या शब्दात मागच्या दारानं पुन्हा कशाला आणायची?

'पाल'बद्दल एक माझं निरीक्षण. जुने 'पाल' आपल्या तोंडी झिजून 'वाल', 'वळ' होतात. 'कोट्टपाल'चा 'कोतवाल' झाला, 'गोपाल'चा 'गोवळ'. 'राज्यपाल'मधला 'प' शाबूत आहे, यावरूनच पदनाम म्हणून तो ताजा, घडवलेला शब्द आहे हे कळतं. विशेषनाम म्हणून तो जुना आहेच : गझनीचा महमूद १०१८ साली कनोजवर आला तेव्हा तिथल्या प्रतिहार राजाचं नाव राज्यपाल, आणि राज्य राखण्याऐवजी तो कनोज सोडून निघून गेला. हे पदनाम लोकांच्या बोलण्यात खरोखर मुरलं असतं तर आज आपण 'राजवाळ' म्हणत असतो. केंद्रशासित प्रदेशांत 'नायब राज्यपाल' म्हणतात, ते मला आवडतं. 'लेफ्टनंट' म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा, 'नायब'चाही अर्थ तोच, आणि 'नबाब' हे या 'नायब'चंच अरबी अनेकवचन, आदरार्थी वापरलेलं. म्हणजे बंगालचा नबाबही मुळात नेमलेलाच.

आता 'राज्यपाला'. हे रूप सुचवणारे संस्कृत व्याकरणाचा हवाला देतात, म्हणून त्याच व्याकरणानं सांगतो. 'कुम्भं करोति' तो 'कुम्भकार', आणि तिचं स्त्रीरूप 'कुम्भकारी'. 'राज्यं पालयति' तो 'राज्यपाल'. त्याच वाटेनं गेलात तर 'राज्यपाली' हाती येईल, 'राज्यपाला' नव्हे. पण मराठीला यातलं काहीच नको आहे. मराठीत पदनाम तसंच ठेवतात आणि लिंग क्रियापदात दाखवतात : न्यायाधीश आल्या, वकील म्हणाल्या, राज्यपालांनी शपथ घेतली. सरोजिनी नायडू १९४७ साली संयुक्त प्रांताच्या पहिल्या राज्यपाल झाल्या, प्रतिभाताई पाटील २००४ साली राजस्थानच्या राज्यपाल झाल्या. या वाक्यांत मराठी कानाला काही खटकतं का? 'महामहिम'ही लिहू नका. २०१२ साली प्रणव मुखर्जी यांनी राष्ट्रपती असताना ती उपाधी मागं घ्यायला लावली. 'माननीय' पुरेसं आहे.

तेव्हा यादीत पी. सुब्बरायन यांच्याखाली सरळ लिहा : विजयालक्ष्मी पंडित, राज्यपाल, १९६२ ते १९६४.