जायफळ आजपासून बंद

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या आईचं पत्र, थोडक्यात: "मुलगी दोन महिने आधी झाली, दीड किलोची. तीन आठवडे पेटीत होती. आता तीन महिन्यांची आहे, पण रात्री दर दोन तासांनी उठते. जावेचा पोरगा या वयात रात्रभर झोपायचा. माझं दूधच पुरत नाही, असं सगळे म्हणतात. हे रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला पाणी द्यायला जातात, मी एकटीच जागते. सासूबाईंनी जायफळ उगाळून चाटवलं, त्या रात्री मात्र सहा तास हललीसुद्धा नाही. तिला झोपेची सवय कशी लावू?")

पोरी, तुझं अख्खं पत्र वाचलं आणि त्यातल्या एकाच ओळीने छातीत धस्स झालं. सहा तास हललीसुद्धा नाही! अगं, ती झोप नव्हती, गुंगी होती.

कमी दिवसांच्या लेकराला झोपेत श्वास अडण्याचा धोका पुऱ्या दिवसांच्या लेकरापेक्षा जास्त असतो. श्वास अडला की जाग यावी, ही शरीराने केलेली राखण आहे. गुंगीत नेमकी तीच जाते. शिवाय पोट एवढंसं. त्या रात्री तिच्या दोन-तीन पाजण्या बुडाल्या. आणि सहाणेवर जायफळ किती फिरलं, याचं माप कुणाकडे आहे?

सासूबाईंवर ढकलू नकोस. तू तिथेच होतीस, आणि ती सहा तासांची झोप तुलाही हवी होती. दमलेल्या बाईला ती हवीच असते. पण पोरीला गुंगवून ती मिळवायची नाही.

जावेच्या पोराशी तुलनाही सोड. हिचं वय जन्मतारखेवरून नको, डॉक्टरांनी बाळंतपणाची जी तारीख दिली होती तिथून मोज. त्या हिशेबाने तिला आत्ता कुठे महिना होतोय. महिन्याचं लेकरू रात्रभर झोपावं, असं कुणी म्हणतं का? दिवसरात्र मिळून ती भरपूर झोपत असणार, फक्त तुकड्या-तुकड्यांनी. अशी लेकरं रात्री सलग झोपायला लागेपर्यंत त्याच हिशेबाचे सहा-आठ महिने जातात, कधी त्याहून जास्त. झोपेत ती कण्हते, तोंड वेडंवाकडं करते, हातपाय झटकते, ते दरवेळी उठणं नसतं. या लेकरांची बरीचशी झोप अशीच चुळबुळीची असते आणि मेंदूच्या वाढीला ती लागते. लगेच उचलू नकोस, जरा थांबून बघ. पेटीत असताना रात्रंदिवस दिवे आणि मशीनचे आवाज, तिला रात्र कुठून कळणार? दिवसा दार उघडं ठेव, घरातला गलका होऊ दे. रात्री बारीक दिव्यात, न बोलता पाज. निजवायचं पाठीवरच, आणि राईची उशी असेल तर काढून टाक.

दुधावर घरात वाद घालत बसू नकोस. उद्या आशाताईंकडून वजन करून घे. वजन नीट चढत असेल तर दूध पुरतंय.

आणि रात्री मोटर सुरू करायला उठणारा माणूस घरी आल्यावर हात धुऊन, बसून, जागं राहून तासभर लेकरू उघड्या छातीशी धरू शकतो. बापाची ऊबही चालते. तेवढा वेळ तू झोप.

सासूबाई म्हणतील, ही शहरातली खुळं. सांग त्यांना, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने खेड्यातल्याच बायकांना नवजात लेकरांची घरच्या घरी देखभाल शिकवली. त्याने किती लेकरं वाचली, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. आशाताई आज तुझ्या दारी येतात, त्यामागे ते काम आहे.

आज संध्याकाळी सहाण निघायच्या आत तूच बोल, नवऱ्याला मध्ये घालू नकोस. आणि पोरगी उठवूनही उठेना, दूध ओढेना, अंग गार पडलं किंवा ओठ निळे दिसले, तर कुणाला विचारत बसू नकोस. १०८ लाव.