प्रश्न तुमचे, केस कुरळे

मागच्या अंकात कुरळ्या केसांविषयी प्रश्न मागवले होते. एकसारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

केस ओले असताना बरे दिसतात, पण वाळल्यावर विंचरले की पिंजलेल्या कापसासारखे होतात. घरात सगळ्यांचे केस सरळ. माझे कुरळे आहेत की नुसतेच खराब झालेत? (विद्यार्थिनी, पुणे)

पुढच्या वेळी न्हाल्यावर कंडिशनर लावून धुवा आणि फणी, टॉवेल, ड्रायर काहीही न लावता केस आपसूक वाळू द्या. बटा नागमोडी झाल्या किंवा त्यांनी वेटोळे धरले, तर केस कुरळेच आहेत. कुरळ्या केसाचा छेद गोल नसून चपटा असतो. शेजारशेजारचे केस एकत्र वळले की बट तयार होते. वाळलेल्या केसांत फणी घातली की ती बट फुटते आणि एकेक केस वेगळ्या दिशेला उभा राहतो. म्हणजे बिघाड केसांत नाही, विंचरण्याच्या वेळेत आहे.

आठवड्यातून एक-दोनदा न्हाणे पुरते. साधारण 10 मिली शॅम्पू अर्ध्या मग पाण्यात कालवून बोटांच्या पेरांनी टाळूला चोळा. लांबीला वेगळा लावू नका, ओघळणारा फेस तिथे पुरेसा होतो. मग केसांचे चार भाग करा. खांद्यापर्यंतचे केस असतील तर सगळे मिळून दोन-तीन मोठे चमचे कंडिशनर लागेल. गुंता आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या फणीने काढा, सुरुवात टोकांपासून करून वर वर जा. फणी फक्त याच वेळी, कंडिशनर केसांत असताना. नंतर मधल्या दिवसांत गुंता झालाच, तर पाण्याचा फवारा मारून बोटांनी सोडवा.

केस धुतल्यावर पाणी टपकत असतानाच जेल लावा आणि टोकांकडून मुठीत धरून वर दाबा. बहुतेकांचे चुकते ते इथेच. आधी टॉवेलने खसाखसा पुसतात, मग अर्धवट वाळलेल्या केसांना जेल लावतात. तोवर बटा फुटलेल्या असतात आणि जेल त्यांना तशाच धरून ठेवते. पाणी टिपायला जुना सुती टी-शर्ट घ्या. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, आणि हे सगळ्यात कठीण! वाळल्यावर केस कडक लागतील. तळहातावर दोन थेंब तेल घेऊन बटा हलक्या चुरगळल्या की कडकपणा जातो, आकार राहतो.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. रोज खोबरेल लावूनही केस राठ आणि चिकट. (गृहिणी, नांदेड)

राठपणा आणि चिकटपणा एकत्र आले की संशय पाण्यावर घ्यावा. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात. अंगाच्या साबणाने केस धुतले तर साबण आणि क्षार मिळून न निघणारा साका तयार होतो. कुरळ्या केसांत तो लगेच जाणवतो. वर रोजचे तेल, त्याच्यावर धूळ. न्हाण्याआधी तेलाने मऊपणा येत असला, तरी तेल म्हणजे ओलावा नव्हे आणि क्षार त्याने निघत नाहीत.

अंगाचा साबण डोक्याला लावणे बंद करा. शॅम्पूच्या बाटलीवर घटकांच्या यादीत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए असे लिहिलेले पाहा. क्षार पकडून नेणारा घटक तो. असा शॅम्पू तीन-चार आठवड्यांतून एकदा वापरा आणि त्या दिवशी कंडिशनर सढळ हाताने लावा. शेवटचे पाणी मात्र दर वेळी आरओचे किंवा पावसाचे घ्या, एक लिटर पुरते. त्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घातले तरी चालेल, त्याहून जास्त नको. पाणी उकळून काही क्षार तळाशी बसतात, सगळे नाही. शिकेकाई वापरत असाल तर पूड थेट डोक्यावर थापू नका. तिचे कण वेटोळ्यांत अडकतात आणि काढताना केस तुटतात. उकळून, फडक्यातून गाळून काढाच वापरा.

खोबरेल सोडायची गरज नाही, वेळ बदला. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून दाखवली. केसांतून धुऊन जाणारे प्रथिन खोबरेलने कमी झाले, बाकी दोन्हींनी नाही. (हीच कंपनी खोबरेल विकते, तेही ध्यानात असू द्या.) न्हाण्याआधी एक-दोन तास, दोन छोटे चमचे, लांबीला आणि टोकांना, एवढे बस. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच. कोंड्याशी संबंधित बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच वाढते.

जवसाचे जेल घरी कसे करायचे? माझे चाळणीतून उतरतच नाही.

पाव वाटी अख्खे जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आच. सतत ढवळा. सात-आठ मिनिटांत मिश्रण चमच्यावरून तार धरून पडू लागले की लगेच गॅस बंद करून गरम असतानाच गाळा. तुमचे जेल अडते ते जास्त उकळल्यामुळे किंवा गार झाल्यावर गाळल्यामुळे. गाळणीपेक्षा धुतलेला नायलॉनचा मोजा बरा. जवसाची पूड घेऊ नका. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, वास बदलला की फेकून द्या. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून दर न्हाणीला लागेल तेवढेच काढता येते. केसांवर पांढरे कण दिसले, तर जेलच्या आधी लावलेल्या क्रीमशी जेलचे जमत नाही. दोन्ही आधी तळहातावर एकत्र चोळून पाहा.

दोन वर्षे झाली, केस खांद्याखाली जात नाहीत. कांद्याचा रस, बायोटिनच्या गोळ्या, सगळे झाले. (नोकरदार, डोंबिवली)

आपल्याकडचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. तुमचेही बहुधा वाढत असावेत, पण टोकाकडून तितकेच तुटत असावेत. टाळूचे तेल वेटोळ्यांवरून टोकापर्यंत पोचत नाही आणि केस वळणावरच कमजोर असतो. आधी एक बट ओली करून, सरळ ताणून पट्टीने मोजा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. वाळल्यावर आखडणारी लांबी डोळ्यांना फसवते. मग न्हाणीघरात पडलेले केस पाहा. अख्खा केस, एका टोकाला पांढरट गाठ असलेला, म्हणजे गळलेला. दिवसाला 50 ते 100 गळणे नेहमीचे. आखूड, गाठ नसलेले तुकडे म्हणजे तुटलेले.

तुकडे जास्त दिसले तर साधे रबर, रोज त्याच जागी घट्ट बांधलेला अंबाडा आणि सुती अभ्रा, तिन्ही बदला. अभ्रा साटिनचा घ्या. फाटे फुटलेली टोके तीन-चार महिन्यांनी सेंटिमीटरभर कापा. कापल्याने वाढ होत नाही, फाटा वर चढायचा थांबतो. अख्खे केस मुठीने येत असतील, तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा. मोठा ताप, बाळंतपण, कडक डाएट? तसे काही नसेल तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा.

कांद्याच्या रसाचा एक छोटा प्रयोग झाला आहे, पण तो चाई पडलेल्या रुग्णांवर. लांबीशी त्याचा संबंध नाही. बायोटिनची कमतरता क्वचितच असते. शिवाय या गोळ्या थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतात, म्हणून रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबला जरूर सांगा.

मुलीचे वडील केनियाचे. चार वर्षांच्या लेकीचे केस अगदी घट्ट वेटोळ्यांचे आहेत. आजी मुंबईहून सांगते की रोज तेल लावून विंचर. रोज रडारड. (आई, नैरोबी)

आजींचा सल्ला सरळ केसांसाठी ठीक आहे, या केसांसाठी नाही. या प्रकारचे केस सगळ्यांत जास्त कोरडे आणि सगळ्यांत लवकर तुटणारे. त्यांना रोज विंचरायचे नसते.

सात ते दहा दिवसांनी एकदा न्हायला घाला. केसांचे सहा-आठ भाग करून क्लिपा लावा, एका वेळी एकच भाग सोडा. पाण्याचा फवारा, भरपूर कंडिशनर, आधी बोटे, मग रुंद फणी, मुळाशी दुसऱ्या हाताने केस घट्ट धरून. मुळाशी धरले की टाळू ओढला जात नाही, रडणे बरेच कमी होते. धुतल्यावर ओलसर केसांना पाण्याचे प्रमाण जास्त असलेले क्रीम लावा, त्यावर वाटाण्याएवढे शिया बटर तळहातावर वितळवून. प्रत्येक भागाचे दोन पेडांचे सैल पीळ घाला. ते आठवडाभर राहू द्या आणि रात्री साटिनची टोपी घाला.

सलूनमध्ये टाळूलगत बारीक वेण्या घालत असाल तर एक नियम: दुखल्या तर सोडायच्या, लगेच. कपाळाच्या कडेला पुटकुळ्या येणे म्हणजे ताण जास्त झाला. असा ताण वर्षानुवर्षे राहिला तर तिथले केस कायमचे जातात. आफ्रिकी केसांची वाढही थोडी सावकाश असते, महिन्याला पाऊण सेंटिमीटरच्या आसपास. वाळल्यावर ते निम्म्याहून जास्त आखडू शकतात. तेव्हा 'वाढतच नाहीत' असे फोनवरून कोणी म्हणाले तर ओली बट ताणून दाखवा.

लग्नाआधी केराटिन (पार्लरमध्ये रसायन लावून केस सरळ करतात ते) करू का? पार्लरवाल्या 'फॉर्मॅल्डिहाइड, म्हणजे ते घातक रसायन, नाही' म्हणतात. (वाचक, कोल्हापूर)

मग काय आहे ते विचारा आणि बाटली पाहायला मागा. यादीत ग्लायऑक्सिलिक अॅसिड असेल तर नको. ते लावून इस्त्री फिरवल्यानंतर मूत्रपिंड अचानक निकामी झाल्याचे रुग्ण इस्रायल आणि फ्रान्सच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. टाळूतून शिरलेल्या अॅसिडापासून ऑक्सॅलेट तयार होऊन मूत्रपिंडात साठते, असे त्यांचे निदान आहे. असे काही आधीच करून घेतले असेल आणि त्यानंतर उलट्या, पोटदुखी किंवा कंबरदुखी सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि केसांना काय लावले ते सांगा.

लग्नापुरते सरळ हवे असतील तर हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस वाचवणारा फवारा किंवा क्रीम) लावून, पूर्ण वाळलेल्या केसांवर, 180 अंशांच्या आत, एका बटेवरून एकदाच इस्त्री. पुढच्या न्हाणीला कुरळे परत येतात. रसायनाने सरळ केलेल्या केसांचे तसे नाही. मुळाशी कुरळे, खाली सरळ, आणि जोडावर तुटणारे असे केस दीड-दोन वर्षे सांभाळावे लागतात.