करडईच्या साबणाने अंग चुणचुणतंय? वाळवून उपयोग नाही

ताई, घरी साबण बनवण्याबद्दलच्या तुमच्या पोस्टमधली ‘१ लिटर तेल, १७० ग्रॅम कॉस्टिक (म्हणजे कॉस्टिक सोडा), ३५० मिली पाणी, कोणतंही तेल चालेल’ ही ओळ वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. अगदी असाच कागद मलाही एका क्लासात फी भरून मिळाला होता. क्लासचं नाव घेत नाही, उगाच वाद नको.

गॉगल, हातमोजे, पाण्यात कॉस्टिक टाकायचं पण कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, ॲल्युमिनियमचं भांडं नाही, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

तुम्ही लिहिलंय की लाकडी घाण्याच्या करडई तेलाची वडी कापताना भुगा होतो, आत पांढरे खडे दिसतात, हात धुतले की चुणचुणतात. आणि क्लासवाले म्हणतात, ‘दोन महिने वाळवा, आपोआप सौम्य होईल.’ होणार नाही. वाळवल्याने पाणी उडतं, वडी कडक होते, थोडं उरलेलं कॉस्टिक उरलेल्या तेलाशी जुळून त्याचा साबण होतो. पण तुमच्या वडीत जुळायला तेलच उरलेलं नाही.

हिशोब बघा. १ किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, १ किलो करडईला साधारण १३६. हा फरक किरकोळ नाही. त्यात लिटर म्हणजे किलो नव्हे. तेलाची पिशवी उलटी करून बघा, ‘१ लिटर’च्या शेजारी ९१० ग्रॅम छापलेलं असतं. म्हणजे तुमच्या ९१० ग्रॅम करडईला जेमतेम १२४ ग्रॅम पुरलं असतं, तुम्ही घातलं १७०. ४६ ग्रॅम कॉस्टिक त्या वड्यांमध्ये मोकळं बसलंय. गंमत म्हणजे लिटरभर खोबरेलालासुद्धा १६७च्या आसपासच लागतं, आणि तेही सगळं तेल संपवून. अंगाच्या साबणात ५ टक्के तरी तेल शिल्लक राहील असं धरायचं असतं. म्हणजे तो कागद खोबरेलालाही चुकीचाच आहे.

मला राग कशाचा येतो, तर माहिती नसण्याचा नाही. जाऊबाईंच्या बोटांची सालं निघाली तेव्हा मी क्लासला फोन केला. उत्तर आलं, ‘तुमच्या तेलात भेसळ असणार.’ मी तशीच घाण्यावर गेले आणि वर्षानुवर्षं आमच्याकडे तेल देणाऱ्या काकांना चार लोकांसमोर नको ते बोलले. त्यांनी शांतपणे पेंड दाखवली, करडईचं पोतं उघडून दाखवलं. साबण काय, पुन्हा करता आला. काका मात्र त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बचत गटाच्या स्टॉलवरचे पैसे परत करावे लागले ते वेगळंच. क्लासने शेवटपर्यंत ‘कोणतंही तेल चालेल’ ही ओळ काही खोडली नाही. प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट करून दिलं होतं!

असो. तुमची वडी वाचू शकते, कारण तुम्ही मापं लिहून ठेवलीत. त्या घाण्यात (तेलाच्या नव्हे, साबणाच्या) ३०० ग्रॅम खोबरेल आणखी घालायचं. १७० ग्रॅम कॉस्टिकला ९१० करडई आणि ३०० खोबरेल धरलं की ५ टक्के तेल शिल्लक राहतं. सगळ्या वड्या हातमोजे घालून किसा, भुगाही टाकू नका, नाहीतर हिशोब चुकेल. स्टीलच्या पातेल्यात कीस, खोबरेल आणि थोडं पाणी घालून ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा. अधूनमधून हलवत राहा. आधी गुठळ्या दिसतील, कडेला तेल सुटेल, मग हळूहळू सगळं एकजीव होऊन अर्धपारदर्शक, चिकट होतं. पांढरा खडा एकही दिसता कामा नये. निवल्यावर ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावा. नऊ व्होल्टच्या बॅटरीला जीभ लावल्यासारखा झटका बसला, तर अजून शिजवा. तरीही तसंच राहिलं तर टाकून द्या. ही वडी दिसायला ओबडधोबडच होणार, ती घरीच वापरा.

हे आकडे सरासरी आहेत आणि मी केमिस्ट नाही. घाण्यागणिक तेल थोडं बदलतं, उघड्या डब्यातलं कॉस्टिक हवा-ओल खाऊन कमजोर होतं. म्हणून तर ते ५ टक्के हातचे ठेवायचे. पुढच्या वेळी नेटवर सोपकॅल्कसारखं गणित करून देणारं पान उघडा, प्रत्येक तेल ग्रॅममध्ये टाका. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या, सुगंधी तेलं नंतर घ्या.

आता ते नारिंगी ठिपके. तुम्ही नंतर अंदाजाने कॉस्टिक कमी केलंत, ती वडी मऊ राहिली आणि तिच्यावर ठिपके आले. ते तेल खवट होतंय. करडईत लिनोलिक आम्ल भरपूर, त्यामुळे साबण मऊ होतो आणि लवकर खवटतो. आपल्या भागाचं तेल म्हणून अभिमान मलाही आहे, पण ते शेंगाचटणीवर घ्यावं, साबणात १०-१५ टक्क्यांच्या वर नको, हे माझं ठाम मत. कोणाला पटणार नाही, चालेल.

वरची पांढरी पावडर मात्र निरुपद्रवी आहे, हवेशी संबंध येऊन तयार झालेला सोडा तो. ओल्या फडक्याने पुसा. खडे आत असतील तरच घाबरायचं.

आणि व्हिडिओत सांगतात तसा साचा चादरीत गुंडाळू नका. ते थंड देशातल्या लोकांसाठी. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये आपली चादर पांघरली तर साबण मधोमध फुगून फाटेल. दूध किंवा मध घातला असेल तर साचा उघडाच, थंड फरशीवर ठेवा.

कॉस्टिक विरघळवायला बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड घ्या. ‘फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो’ ही तक्रार बहुतेक वेळा जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याची असते. साबणात थोडं सायट्रिक ॲसिड घातलं तर फरक पडतो, पण १० ग्रॅममागे साधारण ६ ग्रॅम कॉस्टिक जास्त लागतं, ते हिशोबात धरा.

विक्रीचं विचारलंत. ‘गृहउद्योगाला काही लागत नाही’ हेही त्याच क्लासातलं वाक्य. विकण्यासाठी अंगाचा साबण बनवायचा तर तो सौंदर्यप्रसाधनात मोडतो. १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२०चे नियम लागू होतात, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) म्हणजे तो परवाना नव्हे. आणि लेबलवर ‘केमिकल फ्री’ लिहू नका, कॉस्टिकशिवाय साबण बनतच नाही.

तुम्ही साबणाचा तिसरा घाणाही केलात, पण त्यात कॉस्टिक किती होतं ते लिहिलेलं नाही. लक्षात नसेल तर तो वाचवायच्या भानगडीत पडू नका.