येवल्याहून सातपूरला राहायला आल्यावर मतदार नोंदणीचे काय करावे

तुमचे मतदार ओळखपत्र येवल्याचे आहे, नोकरीमुळे तुम्ही आता सातपूरला भाड्याच्या घरात राहता, आणि पुढच्या विधानसभा निवडणुकीत याच ओळखपत्रावर नाशिकमध्ये मतदान करता येईल की नव्याने नोंदणी करावी लागेल, असे तुम्ही विचारले आहे. यांपैकी काहीच लागू होत नाही. तुम्हाला यादीतील नाव हलवून घ्यायचे आहे.

ओळखपत्राने केवळ ओळख पटते, मत देता येते ते मतदार यादीत नाव असल्यामुळे. तुमचे नाव येवला मतदारसंघात आहे आणि सातपूर नाशिक पश्चिम मतदारसंघात येते, म्हणून तुम्ही नमुना ८ हा अर्ज भरावा. १ ऑगस्ट २०२२ पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेलेल्यांना नमुना ६ भरावा लागत असे, आणि आजही अनेक जण त्याच जुन्या माहितीवर तो भरून देतात. परंतु आता नमुना ६ फक्त पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे. त्यात आपले नाव आधी कोणत्याही यादीत नसल्याचे घोषित करावे लागते, आणि जाणूनबुजून खोटी घोषणा करणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० खाली एक वर्षापर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे.

अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या मोबाइल ॲपवर करता येतो, तसाच तो आपल्या भागातील मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे (बीएलओ) कागदावरही देता येतो. पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार, सध्याच्या पत्त्याचे आधार कार्ड किंवा बँकेचे पासबुक चालते. घरमालक वीजबिल द्यायला कचरत असतील, तर त्यावर अडून बसण्याची गरज नाही.

वेळेबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन की निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरते यादीत नाव घालता येत नाही, आणि अर्जाची पडताळणी व हरकतींसाठी त्याआधी काही दिवस जातातच. २०२४ मध्ये मतदान २० नोव्हेंबरला होते, पण उमेदवारी अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरलाच संपली होती. म्हणजे प्रचाराच्या गाड्या गल्लोगल्ली फिरू लागल्या तेव्हा नोंदणीचे दार बंद झालेले होते.

तुमच्या सतरा वर्षांच्या भावाला नमुना ६ आगाऊ भरता येईल. पूर्वी १ जानेवारी हीच एकमेव अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात ती तारीख, होती. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा धरल्या जातात, त्यामुळे अठरा पूर्ण झाल्यावर त्याला फार थांबावे लागणार नाही.

मतदानाच्या आधी यादीतील आपला भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र स्वतः तपासा. १९५० या क्रमांकावरही चौकशी करता येते. ओळखपत्र सापडले नाही तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक यांपैकी एक दाखवता येते. बटण दाबल्यावर, मत कोणाला गेले ते दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी सात सेकंद दिसते, तेवढ्यात ती नीट पाहून घ्यावी. आणि तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे कळले, तर परत फिरू नका. मतदान केंद्राध्यक्षांकडे टेंडर व्होट, म्हणजे अशा प्रसंगी कागदी मतपत्रिकेवर द्यायचे मत, मागा, ओळख पटल्यावर ते तुम्हाला मतपत्रिका देतात.